इंदूरजवळच्या गावांत शेतकऱ्यांना स्वतःचं रेडिओ केंद्र काढता येईल का?

येईल, पण नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या नावावर नाही. किमान ३ वर्षं जुनी, नोंदणीकृत ना-नफा संस्था हवी. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. प्रसारणशक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत, अँटेना जमिनीपासून ३० मीटरच्या आत. ५० वॅटचा ट्रान्समीटर आणि ३ डेसिबल गेनचा, म्हणजे शक्ती एकवटून परिणाम साधारण दुप्पट करणारा, अँटेना पुरतो. केबल लांब असेल तर शक्ती वाटेतच जिरते, म्हणून ट्रान्समीटर मनोऱ्याच्या पायथ्याशीच ठेवा.

खरी काळजी अर्थिंगची. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवती (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या धातूच्या दांड्याभोवती) पोकळी होते आणि पहिल्याच वळिवाच्या विजेत यंत्र जळू शकतं. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, अर्थिंगचा रोध मोजून घ्या. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकच बनवावे लागतात. ते माळवीतच करा.