इंग्रजीत ‘वीकन’ कधी आणि कसं वापरायचं?

तुमचे दोन प्रश्न आहेत. ‘माय बॉडी बिकेम वीकन आफ्टर डेंग्यू’ हे वाक्य क्लासच्या सरांनी का खोडलं, आणि पेपरात ‘द रुपी वीकन्ड’ छापतात तेव्हा मधलं ‘वॉज’ कुठे जातं?

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. वीक हे विशेषण, वीकन हे क्रियापद. ‘बिकेम’च्या पुढे विशेषण लागतं, म्हणून ‘आय बिकेम वीक’. डेंग्यूलाच कर्ता करायचं असेल तर ‘डेंग्यू वीकन्ड मी’ चालेल. बोलताना ‘डेंग्यू लेफ्ट मी व्हेरी वीक’ जास्त सहज वाटतं.

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण खरी मेख तिथे आहे. मराठीत तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे अशा जोड्या आहेत: आपोआप झालं तर एक रूप, कुणी केलं तर दुसरं. पण ‘उघडणे’ बघा. ‘दार उघडलं’ आणि ‘तिने दार उघडलं’, क्रियापद तेच. वीकन हे उघडणेच्या घरातलं आहे. ‘कमकुवत होणे’ आणि ‘कमकुवत करणे’ ही दोन्ही कामं ते एकटंच करतं. आपल्या डोक्यात होणे-करणे पक्कं बसलेलं असतं, म्हणून ‘होणे’ दाखवायला आपण उगाच ‘वॉज’ किंवा ‘गॉट’ घालतो.

कुठलं रूप घ्यायचं हे ठरवताना एकच बघा: कारण किंवा करणारा दाखवायचा आहे का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुणे जिल्ह्यातही झाडं पडली. जमिनीवर आल्यावर समुद्राची उष्ण वाफ मिळेनाशी झाली आणि त्याचा जोर ओसरत गेला. त्याला कुणी अशक्त केलं नाही, म्हणून ‘द सायक्लोन वीकन्ड इनटू अ डीप डिप्रेशन’. इथलं ‘इनटू’ लक्षात ठेवा. हवामान खात्याच्या वर्गवारीत ३४ नॉट (नॉट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) किंवा जास्त वाऱ्याचं ते चक्रीवादळ, २८ ते ३३ नॉट म्हणजे डीप डिप्रेशन. वादळ खालच्या वर्गात उतरलं की तो वर्ग ‘इनटू’ने सांगतात.

रुपयाचं तसंच, फक्त पुढे लागणारा शब्द वेगळा: ‘द रुपी वीकन्ड अगेन्स्ट द डॉलर’. बाजारात हजार हात असतात, एकावर बोट ठेवता येत नाही. पण ६ जून १९६६ रोजी सरकारने निर्णय घेऊन डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेला. तिथे वीकन अपुरं आहे, तिथे ‘द गव्हर्नमेंट डीव्हॅल्यूड द रुपी’. घसरण आणि अवमूल्यन यांतला फरक आपणही पाळतोच.

आता ‘वॉज’वालं रूप. पुणेकराला यासाठी पानशेतपेक्षा जवळचं उदाहरण नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं. त्याआधी, काम अपुरं असतानाच पाणी साठलं होतं, पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत होता आणि लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. ‘द डॅम वीकन्ड’ हे व्याकरणाने बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला वाटेल की धरण आपसूकच थकलं. ‘द डॅम वॉज वीकन्ड’ म्हटलं की लगेच विचारावंसं वाटतं, कशामुळे? मग ‘बाय’ लावून कारण सांगता येतं. ज्या गोष्टीची जबाबदारी कुणावर तरी असते, तिथे हा फरक जपून पाळावा असं माझं ठाम मत आहे. निबंधात तर नक्कीच.

आपलं ‘ओसरणे’ खूप काही पोटात घेतं, त्यामुळे तिथेही घोटाळा होतो. मुठेच्या पुराचं पाणी ओसरलं की ‘रिसीड’, पाऊस ओसरला की ‘ईज’, ताप उतरला की ‘कम डाउन’, गर्दी पांगली की ‘थिन’. वीकन यांतल्या कशालाही लावू नका. वादळ, चलन, पाया, पुरावा, निर्धार, पकड, प्रतिकारशक्ती यांना लावा.

वीकनच्या शेवटचं ‘अन’ सॉफन, हार्डन, शार्पन, डार्कन यांतही आहे. ते बहुतेक एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या (एका अक्षरावयवाच्या), क-ट-ड-प-फ अशा ठसठशीत व्यंजनाने संपणाऱ्या विशेषणांना लागतं. थिन, कूल, क्लीअर, स्लो यांना लागत नाही, ते तसेच्या तसे क्रियापद होतात. ‘स्ट्राँग’चा शेवटही अनुनासिक, म्हणून ‘स्ट्राँगन’ नाही. तिथे ‘स्ट्रेंग्थ’ या नामावरून ‘स्ट्रेंग्थन’ केलं.

माणसाबद्दल नुसतं ‘शी वीकन्ड’ लिहिताना आधी संदर्भ बघा. आजारपणाच्या वर्णनात त्याचा अर्थ प्रकृती ढासळली. पण मुलाने तासभर हट्ट केला आणि ‘हिज मदर वीकन्ड’ म्हटलं, तर आई पाघळली, हो म्हणाली. आणि डेंग्यूनंतर ‘आय हॅव वीकनेस’ म्हणू नका, ‘आय फील वीक’ म्हणा. ‘आय हॅव अ वीकनेस फॉर बाकरवडी’ मात्र अगदी शुद्ध आहे, त्याचा अर्थ बाकरवडी दिसली की मला राहवत नाही.