नाताळची तयारी कधीपासून करावी म्हणजे डिसेंबरात खिसा आणि डोकं दोन्ही शाबूत राहतील?

तुमचा प्रश्न असा: ठाण्यात चौघांचं घर, फराळ घरीच करायचा, गोव्याहून पाहुणे येणार, तर डिसेंबरची ओढाताण कशी टाळायची?

आधी प्रत्येक जिन्नस किती टिकतो ते पाहा. टिकणारं आधी, नासणारं शेवटी, एवढं धरलं की तारखा आपोआप ठरतात.

सुका मेवा दिवाळीच्या तोंडावर महागतो, म्हणून दिवाळी उरकल्यावर घ्या, जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये. दोन-तीन घरांनी मिळून किलोच्या हिशेबात घेतलं तर दर चांगला पडतो.

केकचा मेवा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भिजत पडला पाहिजे. काळे मनुके 400 ग्रॅम, बेदाणे 300, बिया काढलेला खजूर 200, पाकवलेली संत्र्याची साल 100 आणि 350 मिली रम. बरणी काचेची आणि पूर्ण कोरडी हवी. दर तीन-चार दिवसांनी ती उलटी-सुलटी करा, कारण झाकणाजवळचा मेवा रमच्या वर उघडा राहतो आणि बुरशी तिथूनच धरते. काजू-बदाम यात टाकू नका, मऊ पडतात; ते केक करायच्या दिवशीच. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण फ्रिजमध्ये आणि दोनच दिवस, नाहीतर आंबतो. मेवा नीट निथळून केकच्याच मैद्यातला दोन चमचे मैदा त्याला चोळा. ओला मेवा तळाशी जाऊन बसतो. रमचा केक 10 डिसेंबरच्या आसपास करून ठेवता येतो, रसाचा मात्र 22-23 लाच.

कुलकुल (कंगव्यावर गुंडाळून तळलेला नाताळचा गोड खाऊ) 15 तारखेनंतर. पीठ घट्टच भिजवा. नव्या कंगव्यावर सुपारीएवढी गोळी दाबून गुंडाळताना कड नीट चिकटली नाही तर कुलकुल तेलात उलगडतो. तेल कमी तापलं असेल तर तो तेल पितो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद केला की वाफेने सगळे मऊ, मग ती मेहनत वाया जाते. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात ओलं खोबरं घालायचं असेल तर त्या 23 लाच करा. सुक्या खोबऱ्याच्या आठवडाभर सहज राहतात. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं गोव्याकडचं आंबट-तिखट कालवण) 22 ला शिजवून फ्रिजमध्ये ठेवावं, मुरल्यावर चवच वाढते. खाटकाला मात्र आठवडाभर आधी सांगून ठेवा.

कपडे ऑक्टोबरातच शिंप्याकडे टाका. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईची कामं येतात आणि तुमचं कापड मागे पडतं. लाइटच्या माळा दिवाळीनंतर दुकानदार उरलेला माल काढतात तेव्हा घ्या, पण दुकानातच लावून बघा.

पाहुण्यांच्या तिकिटांना उशीर नको. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 24 डिसेंबरच्या गाडीसाठी 25 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता. परतीचंही त्याच हिशेबाने, त्या-त्या तारखेला काढा.

पैशांसाठी बँकेत बारा महिन्यांची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) चांगली, पण बरेच जण ती जानेवारीत सुरू करतात आणि पैसे हातात येतात पुढच्या जानेवारीत, सण झाल्यावर. ती नोव्हेंबरातच सुरू करा. महिना 1000 रुपयांनी पुढच्या नोव्हेंबरात 12,000 आणि वर व्याज मिळेल. मेवा, कापड आणि तिकिटं मात्र तोवर पगारातूनच भागवावी लागतील.