हेर कशासाठी ठेवायचा : ऐकायला की काही घडवून आणायला?

प्रश्न होता : “एकाच सरकारी गुप्तचर संस्थेनं माहितीही मिळवायची आणि छुप्या कारवायाही करायच्या, हे जमतं कसं? दोन वेगळ्या संस्था काढल्या तर भांडणच मिटणार नाही का?”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. हा उपाय करून झालाय. ब्रिटननं केला, अमेरिकेनं केला आणि दोघांनीही काही वर्षांत तो गुंडाळून ठेवला. (मी कुठल्याही हेरखात्यात नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. खुले झालेले सरकारी कागद आणि चौकशी समित्यांचे अहवाल वाचायचं वेड आहे, त्यातून जे समजलं ते लिहितोय.)

१९४० मध्ये ब्रिटननं जर्मनव्याप्त युरोपात घातपात घडवण्यासाठी एसओई नावाची स्वतंत्र संघटना काढली. माहिती मिळवण्याचं काम एमआय६ या जुन्या हेरखात्याकडे होतंच. दोघांचं पहिल्यापासून पटलं नाही, आणि एमआय६ ची तक्रार निव्वळ पोटदुखीतून आलेली नव्हती. कुठे पूल उडवला की जर्मन त्या भागात झडत्या घेणार, हे ठरलेलं. त्याच भागात कुणाच्या नजरेत न भरता रेल्वेगाड्या मोजत बसलेला दुसऱ्या खात्याचा माणूस मग आयताच सापडायची भीती. १९४६ मध्ये एसओई बंद झाली आणि तिचं उरलंसुरलं एमआय६ मध्ये विरघळलं.

अमेरिकेचा किस्सा जास्त बोलका आहे. सीआयए ज्या १९४७ च्या कायद्यानं जन्माला आली, त्यात छुप्या कारवायांचा उल्लेखच नाही. एक मोघम कलम आहे : राष्ट्रीय सुरक्षा परिषद सांगेल ती गुप्तवार्तेशी संबंधित ‘इतर कामं’. त्या ‘इतर’मध्ये पुढे काय काय मावलं, हा वेगळा ग्रंथाचा विषय. १९४८ मध्ये कारवायांसाठी ओपीसी नावाचं कार्यालय निघालं, फ्रँक विस्नर त्याचे प्रमुख. नावाला सीआयएच्या छपराखाली, पण सूचना परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांकडून. हेरगिरी करणारा विभाग निराळा, त्याचं नाव ओएसओ. १९४९ मध्ये ओपीसीत ३०२ माणसं होती. १९५२ मध्ये ती २,८१२ झाली, शिवाय परदेशात कंत्राटावर ३,१४२. खर्च ४७ लाख डॉलरवरून ८ कोटी २० लाखांवर गेला, परदेशातली ठाणी ७ वरून ४७ वर. पगार आणि बढत्याही ओपीसीतच चांगल्या. ओएसओतल्या जुन्या हेरांचा काय जळफळाट झाला असेल, ते सांगायला नको.

पण खरं भांडण पगाराचं नव्हतं, माणसांचं होतं. बँकॉकमध्ये ओएसओच्या हाताशी असलेला एक बडा थाई अधिकारी ओपीसीनं आपल्याकडे ओढायचा घाट घातला, आणि वाद इतका पेटला की वॉशिंग्टनहून वरिष्ठाला मध्ये पडावं लागलं. त्याच वर्षी, १९५२ मध्ये, सीआयएचे संचालक वॉल्टर बेडेल स्मिथ यांनी दोन्ही विभाग एकत्र केले.

कारण साधं आहे. परक्या राजधानीत तुमच्यासाठी काम करायला तयार असलेली माणसं मुळात मोजकी. तोच मंत्र्याचा सचिव, तोच लष्करातला कर्नल. बातमी हवी असेल तर तो आपल्या खुर्चीत वर्षानुवर्षं टिकायला हवा. कारवाई हवी असेल तर त्यानं तीच खुर्ची पणाला लावायची. कार्यालयं दोन केली म्हणून कर्नल दोन होत नाहीत. उलटही खरं आहे : ज्याच्याकडे ओळखीपाळखी, त्याच्याच गळ्यात कारवाई पडते. आपल्या रॉची स्थापना १९६८ मध्ये झाली ती १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत कान कमी पडले म्हणून. तीनच वर्षांत तिच्याकडे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला मदत करायचं काम आलंच.

कौटिल्याला हे ठाऊक होतं. अर्थशास्त्रात तो हेरांचे दोन वर्ग करतो : एका जागी बसणारे ‘संस्था’ (तापस, व्यापारी, गृहस्थ वगैरे वेषांतले) आणि फिरणारे ‘संचार’. या दुसऱ्या वर्गात तीक्ष्ण म्हणजे मारेकरी आणि रसद म्हणजे विष घालणारे येतात. मजा अशी की हे मारेकरी तो नुसते बसवून ठेवत नाही. तीक्ष्ण हा छत्र धरणारा किंवा वाहनावरचा नोकर होऊन अमात्याच्या बाहेरच्या हालचाली टिपतो. रसद हा स्वयंपाकी किंवा न्हाऊ घालणारा होऊन घरातल्या. म्हणजे ऐकणारा कान आणि मारणारा हात एकाच माणसाचे. भिंत तो दुसरीकडे घालतो. संस्था आणि संचार यांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांचं म्हणणं जुळल्याशिवाय बातमी खरी मानायची नाही. आणणारा एक, पारखणारा दुसरा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. माहिती मिळवणारा आणि कारवाई करणारा यांच्यात भिंत घालून फारसं साधत नाही. कारवाई करणारा आणि माहिती तोलणारा यांच्यात ती नसेल, तर मात्र संस्था बुडते. आणि भिंत असावी म्हणजे तोलणाऱ्याला अंधारात ठेवावं असाही अर्थ नाही. एप्रिल १९६१ चं क्युबातलं ‘बे ऑफ पिग्ज’ प्रकरण घ्या : क्युबातून पळालेल्या निर्वासितांनाच हत्यारं देऊन तिथे उतरवायचं आणि फिडेल कॅस्ट्रोचं सरकार उलथवायचं, असा बेत. योजना सीआयएच्या कारवाई विभागाची, प्रमुख रिचर्ड बिसेल. कॅस्ट्रोची पकड घट्ट होत चालली आहे, असं त्याच सीआयएचे विश्लेषक लिहीत होते. पण विश्लेषण विभागाला या बेताची अधिकृत खबरच नव्हती. त्यांचं मत विचारायचा प्रश्न आलाच नाही. योजना शक्य आहे का, हे ठरवणारे तेच होते ज्यांनी तिच्यावर वर्षभर घाम गाळला होता. स्वतःच्या पोराला कोण नापास करतं? सुमारे १,४०० निर्वासित किनाऱ्यावर उतरवले, तीन दिवसांत खेळ संपला, अकराशेहून अधिक पकडले गेले.

कायद्यानं यावर लगाम येतो का? थोडा येतो. अमेरिकेत १९७४ पासून छुप्या कारवाईला राष्ट्राध्यक्षांचा निर्णय लागतो आणि संसदेच्या समित्यांना कळवावं लागतं. याचा फायदा लोक समजतात त्याहून निराळा आहे. नैतिकता वगैरे राहू द्या. राष्ट्राध्यक्षाला सही करायची असली की मामला अंगाशी आल्यावर ‘हेरांनी परस्पर केलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत, त्यामुळे तो चार प्रश्न जास्त विचारतो. पळवाट निघायची ती निघालीच : इराणला शस्त्रं पुरवण्याच्या प्रकरणात रेगन यांची सही १९८५ मध्ये काम झाल्यावर, मागच्या तारखेपासून मंजुरी देणारी, घेतली गेली. म्हणून १९९१ मध्ये लेखी आणि आधीच, असं कायद्यात घालावं लागलं.

एक गोष्ट या हिशेबात नेहमी राहून जाते. हेराचा वेष हा उसना असतो, आणि तो फाटला की मूळ मालक मरतो. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अबोटाबादमध्ये लसीकरणाची मोहीम वापरली गेली. ते उघड झाल्यावर पाकिस्तानात लस देणाऱ्यांवरचा संशय आणखी वाढला. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिओचे डोस पाजणाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तिथला विरोध आधीपासूनचा होता, पण विरोधकांच्या हाती आता पुरावा आला. लसीकरणाचा आडोसा यापुढे घेणार नाही, असं अमेरिकेनं २०१४ मध्ये जाहीर केलं.

समतोल प्रत्यक्षात कसा दिसतो, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण नेमकं त्याच एप्रिल १९६१ मधलं आहे. क्युबात तो फज्जा उडत असताना लंडनमधल्या एका हॉटेलात ओलेग पेन्कोव्स्की हा सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचा कर्नल दोन ब्रिटिश आणि दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना भेटला. गडी भलताच उतावीळ. मॉस्कोतल्या महत्त्वाच्या मुख्यालयांजवळ छोटे अणुबॉम्ब आपण स्वतः पेरून ठेवतो, असा प्रस्ताव त्यानं मांडला. समोर आयता घातपाती चालून आलेला होता. चौघांनी ते ऐकून घेतलं, विषय बाजूला सारला आणि त्याच्या हाती एक बारका कॅमेरा दिला. पुढचं वर्ष-दीड वर्ष तो गुपचूप कागदांचे फोटो काढत राहिला. ऑक्टोबर १९६२ मध्ये यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानानं क्युबाचे फोटो आणले, तेव्हा झाडीतल्या त्या नळकांड्या कोणत्या सोव्हिएत क्षेपणास्त्राच्या आहेत आणि ती डागायला किती वेळ लागेल, हे विश्लेषकांनी त्यानं पाठवलेल्या पुस्तिकांशी ताडून सांगितलं. त्याच महिन्यात तो पकडला गेला आणि १९६३ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.