सिंथची धून ठेका का सोडते?

प्रश्न : न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडच्या 'ब्लू मंडे' गाण्यात (१९८३) सिंथची (सिंथेसायझरची) धून ठेक्यावर नीट बसत नाही. मुद्दाम केलंय का?

उत्तर : नाही. बँडमधल्या बर्नार्ड समनर यांनी सुट्या भागांच्या किटमधून जोडलेल्या पॉवरट्रान सिक्वेन्सरमध्ये (भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) बँडच्याच जिलियन गिल्बर्ट यांनी धून एकेक स्टेप (ठेक्याचा एक समान तुकडा) करून भरली. त्यात एक नोट भरायची राहून गेली आणि पुढचं सगळं सरकलं. गाण्याची खरी गोडी तिथेच आहे! घरी करून पाहा : ड्रम १६ स्टेपचे, धून १५ची. दर आवर्तनात धून एक स्टेप आधी येईल आणि ड्रमच्या १५ आवर्तनांनी पुन्हा समेवर भेटेल.

ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनवरचा पहिला ठेका तर प्लग निघाल्याने पुसलाच गेला. तो नव्याने बसवावा लागला. डिझायनर पीटर सॅव्हिल यांच्या फ्लॉपी डिस्कसारख्या रेकॉर्ड कव्हरला पाडलेली भोकंही खर्चिक ठरली.