लिंबाचा खैऱ्या द्राक्षाच्या वेलावर जातो का?

प्रश्न: दादा, नागपुरात मानेवाड्याला गच्चीवर मंडप करून द्राक्षाचा वेल चढवलाय, काडी नाशिकहून पाहुण्यांनी आणलेली. पावसाळा लागला तसे पानांवर बारीक काळे ठिपके आले, भोवती पिवळी कडा, कोवळ्या काड्यापण चिरल्या. बाजूलाच कागदी लिंबू आहे त्याला खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग पडतात तो रोग) झालाय. शेजारी म्हणतात तिथूनच आला. लिंबू उपटू का जी? करप्याचं औषध मारलं, काहीच फरक नाही.

उत्तर: अहो लिंबू काहून उपटता, त्याचा काही दोष नाही! दोन्ही रोग झँथोमोनास जिवाणूचेच, पण लिंबावरचा प्रकार वेगळा न् द्राक्षावरचा वेगळा, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. द्राक्षावरचा आपल्या देशात १९७२ पासून नोंदलेला आहे. माझा संशय तुमच्या त्या पाहुण्यांच्या काडीवर, कारण हा काडीतून गुपचूप येतो आणि थॉम्पसन जातीचा वेल असेल तर त्याला लवकर धरतो.

आता मुद्दा असा की बुरशीसारखं धडधाकट पान फोडून आत शिरणं जिवाणूला जमत नाही, त्याला पर्णरंध्र (पानावरचं बारीक छिद्र) नाहीतर जखम लागते आणि वर पाण्याचा ओलावा, म्हणून मे महिन्यात आपल्या ४५ डिग्रीत तो काडीच्या चिरांमध्ये पडून राहतो न् पाऊस सुरू झाला, हवा २५-३० डिग्रीवर आली की पावसाच्या थेंबांबरोबर उडून पानोपानी जातो. कॅलिफोर्नियातला पिअर्स डिसीज, म्हणजे द्राक्षाचाच दुसरा जिवाणूचा रोग, किडे पसरवतात, इथे ते काम पाणी आणि तुमची कात्री करते. पाइपने वरून पाणी मारत असाल तर बंद करा, बुडाशी द्या. युरिया पण थांबवा, त्याने लुसलुशीत फूट येते आणि रोगाला तीच आवडते.

ओल्या वेलाला कात्री लावू नका, एक काडी कापली की दुसरीच्या आधी पातं स्पिरिटने पुसा. करप्याची बरीच औषधं बुरशीवरची, जिवाणूवर चालत नाहीत. तांब्याचं हवं, कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), पण कोवळ्या पानांवर १ टक्का बोर्डो जड जातं, अर्धा टक्काच घ्या. जुने ठिपके जाणार नाहीत हां, नवी फूट वाचेल. लिंबाच्या खैऱ्यावरपण तांब्याचंच औषध चालतं, तेव्हा एकाच दिवशी दोन्हीवर मारून टाका.

तरी शंका असेल तर दोन-चार पानं महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात दाखवा, कारण करप्याचे ठिपके न् हे लांबून सारखेच दिसतात. ऑक्टोबर छाटणीला चिरलेल्या काड्या आधी काढा, आणि गच्चीवर ढीग न ठेवता जाळा.