टेलोमिअर छोटे निघाले, म्हणजे मलाही डिमेन्शिया होणार का?

हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांकडून येतो, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). वय पंचेचाळीसच्या पुढे, आईला अल्झायमर्स (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार), आणि स्वतः फोनवर बोलता बोलता एखादं नाव आठवलं नाही की यांच्या पोटात गोळा. त्यात कुठेतरी वाचलं की पेशींचं म्हातारपण आणि डिमेन्शियाचा संबंध जीन्समधून सिद्ध झालाय, मग ऑनलाइन टेलोमिअरची टेस्ट करून घेतली, रिपोर्टमध्ये "जैविक वय" खऱ्या वयापेक्षा बरंच जास्त, झालं, झोप गेली.

आधी वाचलेलं खरं आहे का ते बघितलं. तर आहे, पण अर्धवट. टेलोमिअर म्हणजे क्रोमोसोमच्या टोकाचा डीएनए, पेशी विभागली की तो थोडा झिजतो, यावरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालंय. आता लहान टेलोमिअर आणि आजार एकत्र दिसले तरी कारण कोण ते कळत नाही, कारण सिगारेट, ताण, आजारपण यांनीही टेलोमिअर लहान होतात. म्हणून संशोधक टेलोमिअरची लांबी ठरवणारे जीन्सचे प्रकारच बघतात. ते जन्माच्या आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले जातात, नंतरच्या सवयींनी बदलत नाहीत. २०१५ साली जामा न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात असाच अभ्यास आला, आणि जन्मजात लहान टेलोमिअरकडे कल असलेल्यांमध्ये अल्झायमर्सचा धोका थोडा जास्त दिसला.

थोडा हा शब्द मी त्यांना दोनदा म्हटला. एपीओई-४ या अल्झायमर्सचा धोका वाढवणाऱ्या जीनच्या प्रकाराची एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट होतो आणि तरीही असे कितीतरी लोक शेवटपर्यंत ठणठणीत असतात, टेलोमिअरचा परिणाम त्याच्या मानाने फारच लहान. शिवाय तो हजारो लोकांच्या सरासरीतला. ताईंच्या टेस्टमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर मोजले होते, मेंदूतल्या पेशींचे नाही, आणि एकाच वयाच्या निरोगी माणसांतही या लांबीत खूप फरक असतो. त्या आकड्यावरून त्यांच्या स्मरणशक्तीचं काहीच सांगता येत नाही.

मग त्यांनी पर्समधून डबी काढली. टेलोमिअर लांब करणाऱ्या म्हणे गोळ्या, महागड्या. इथे मी जरा कडक झाले. म्हटलं, तुम्ही वाचलेल्याच पद्धतीने केलेल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात जन्मजात लांब टेलोमिअर असलेल्यांना कित्येक प्रकारच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसलाय, म्हणजे लांब ते चांगलं हे गणितच चुकीचं, पेशी जास्त वेळा विभागत राहणं प्रत्येक वेळी भल्याचं नसतं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, हे डबीवर का नाही लिहीत?" आता याला मी काय उत्तर देणार!

विसरण्याबद्दल म्हणाल तर, नाव आठवलं नाही आणि तासाभराने आठवलं, याला मी घाबरत नाही, आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाला तर आठवणारच नाही. तोच प्रश्न परत परत विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीचा हिशेब जमेनासा होणं, घरच्यांना बदल जाणवणं, यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, टेलोमिअर कितीही लांब असोत.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने (लॅन्सेट कमिशन) २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण बदलता येणारे १४ घटक मांडलेत, कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), डिप्रेशन, एकटेपणा वगैरे, आणि ते सगळे आटोक्यात आले तर जगभरातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज आहे. यादी वाचताना मी विचारलं, बीपी शेवटचं कधी बघितलंत? आठवेना. (हे विसरणं मात्र मी लिहून घेतलं.) पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा गोळ्या बंद होत्या आणि बीपीचं औषध सुरू झालं होतं, झोपेवर अजून काम चालू आहे.