रानभाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेवळांच्या जुडीबरोबर विकणाऱ्या मावशींनी थोडी हिरवी फळं दिली होती. त्यांचं काय करायचं ते न कळल्याने टाकून दिली. भाजी कुकरला चांगली शिजवली, तरी सगळ्यांचा घसा खाजला. कुठे चुकलं? – डोंबिवली

उत्तर : ती फळंच टाकायला नको होती. त्यांना काकड म्हणतात. ठाकर, कातकरी, वारली बायका शेवळांबरोबर काकडं देतात, कारण त्यांच्या घरी ही भाजी त्यांच्याशिवाय होतच नाही. शेवळं म्हणजे सुरणाच्याच जातभाईचा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून कितीही शिट्ट्या केल्या तरी खाज राहू शकते. अळूच्या फदफद्यात चिंच ज्यासाठी घालतो, त्याचसाठी इथे काकड.

निवडताना हाताला तेल लावा. बाहेरची पापुद्र्यासारखी आवरणं काढा, मग जांभळट-तपकिरी पान उलगडा. आतल्या दांड्याच्या तळाशी पिवळसर, दाणेदार भाग दिसेल. ती खरी फुलं. सगळ्यात जास्त खाज तिथे असते, म्हणून तेवढा भाग कापून टाका. वरचा गुळगुळीत दांडा आणि ते पान बारीक चिरा. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं लागतात. ती ठेचून बिया काढा, गर थोड्या पाण्यात वाटून रस गाळून घ्या. चिरलेली शेवळं सढळ तेलात आठ-दहा मिनिटं, रंग गडद होईपर्यंत परता. मग रस घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर आणखी वीस मिनिटं शिजू द्या. वाल किंवा चणाडाळ घालायची तर आधी शिजवून घ्या, आंबटात डाळ कच्चीच राहते. काकड मिळाली नाहीत तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ चालतो, पण काकडाचा तुरटपणा त्यात येत नाही.

जुडी घेताना मिटलेली शेवळं पाहून घ्या. उमललेल्याला दुर्गंधी येते.

प्रश्न : आमच्या कर्जतच्या जागेत शेवळं उगवतात. सगळी काढली तर पुढच्या वर्षी येतील का? – ठाणे

उत्तर : कंद शाबूत असेल तर येतील. म्हणून उपटू नका, जमिनीलगत विळ्याने कापा. पण बी या फुलोऱ्यातूनच धरतं, तेव्हा निम्मी तरी उभी राहू द्या. फुलोऱ्यानंतर वेगळं हिरवं पान येतं आणि पुढच्या वर्षासाठी कंद तेच पोसतं. अनेक जागांवर जुलैमध्ये गवताबरोबर ते कापलं जातं किंवा त्यावर तणनाशक मारलं जातं. शेवळं हटतात ती अशाने. तेवढ्या पट्ट्यात पान आपोआप पिवळं पडेपर्यंत कोयता चालवू नका.

प्रश्न : कडू करांदे घरी उकडले, पण कडूपणा जाईना. – नाशिक

उत्तर : मग ते खाऊ नका. कडूपणा ही इथे विषाची खूण आहे. सह्याद्रीतले आदिवासी हे कंद सोलून पातळ चकत्या करतात, त्यांना लाकडाची राख चोळून उकळतात, पाणी फेकतात आणि चकत्या टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात. सकाळी मीठ घालून पुन्हा उकळतात. चकती जाड राहिली की गाभा कडूच राहतो. भांड्यातल्या साठलेल्या पाण्यात कडूपणा उतरतो आणि तिथेच राहतो, म्हणून वाहतं पाणी हवं. चाखल्यावर जरा जरी कडू लागलं तरी टोपली परत ओहोळात जाते. पहिल्यांदा हे जाणत्या बाईच्या देखरेखीखालीच करा. यकृताचा आजार असलेल्यांनी हे कंद टाळावेत.

कंद स्वतः खणणार असाल तर वेल वर पाहून घ्या. करांद्याचं पान बदामी आकाराचं असतं आणि पानाच्या बेचक्यात छोटे कंद लटकतात. पानाचं टोक ताण्यासारखं वळून आधाराला गुंडाळलेलं दिसलं, फूल लाल-पिवळं असलं, तर ती कळलावी. तिच्या कंदातलं कोल्चिसिन उकळून जात नाही आणि ते जीवघेणं आहे.